दिवसभर उपाशी, रात्री डब्यापाशी

"लॉकडाउनमध्ये रात्री खायची सवय लागली, ती सुटतच नाही. माझा स्वतःवर ताबाच राहिलेला नाही." ही तक्रार मी समुपदेशनाच्या कामात इतक्या जणांकडून ऐकली आहे की आता तिच्यावर सविस्तर लिहायला हवं. तक्रार करणाऱ्यांपैकी बहुतेकांचं वजन टाळेबंदीच्या आधीही जास्तच होतं. त्या महिन्यांत ते आणखी वाढलं, आणि त्याहून जास्त वाढली ती लाज. त्यांच्यासाठी एका ताईंची ही हकिगत. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि बऱ्याच भेटींचं बोलणं थोडक्यात आणलं आहे.

ताई बेचाळीस वर्षांच्या, डोंबिवलीच्या, खासगी कंपनीत हिशेबाचं काम. मार्च २०२० मध्ये वजन ९४ किलो होतं, ऑगस्टमध्ये १०६ झालं. वन रूम किचनच्या घरात नवरा, दोन मुलं, सासूबाई. लॅपटॉप स्वयंपाकघराच्या ओट्यापासून चार पावलांवर. बोलणं फोनवरच, तेही त्या गच्चीत जाऊन करत.

"मॅडम, दिवसभर मी अगदी छान असते हो. सकाळी कोरी कॉफी, दुपारी एकच पोळी. पण रात्री साडेअकराला सगळे झोपले की मी मी राहत नाही."

"मग काय खाता?"

"जे असेल ते. चिवडा, टोस्ट, मुलांची बिस्किटं. उभ्यानं, दिवा न लावता. पोट दुखेपर्यंत."

त्या दिवसांत लठ्ठ माणसांना कोरोना जास्त गंभीर होतो अशा बातम्या सतत येत होत्या, आणि त्या खऱ्याच होत्या. ताईंनी घाबरून नाश्ता सोडला होता. नवरा थट्टेनं म्हणायचा, "फ्रिजला कुलूप लावू का?" ताईंना ती थट्टा वाटत नव्हती.

मी त्यांना कॅलरी मोजायला लावल्या नाहीत. वजन जास्त असलेल्या माणसानं आयुष्यभर आकडेच मोजलेले असतात. एका वहीत पाचच गोष्टी लिहायला सांगितल्या: किती वाजता, काय, कुठे, बसून की उभ्यानं, सोबत कोण. चौदा दिवस. खाल्ल्यावर लगेच लिहायचं. रात्री आठवून लिहिलं की सकाळचे उपास गळून जातात आणि फक्त रात्रीचा गुन्हा उरतो.

वही भरली. अकरा रात्री वाईट गेल्या होत्या, तीन शांत. मी विचारलं, "त्या तीन दिवशी काय वेगळं होतं?"

"काही नाही. दोन रविवार. आणि एक संकष्टी."

"संकष्टीला तर तुमचा उपास असतो ना?"

"हो. म्हणजे सकाळी दूध-केळं. दुपारी खिचडी, शेंगदाण्याचं कूट घालून, दह्याबरोबर. चारला राजगिऱ्याचा लाडू. चंद्रोदयानंतर सगळ्यांबरोबर वरणभात, भाजी, मोदक…"

फोनवर बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग त्या हसल्या. त्या हसण्यात रडणंही होतं. "मॅडम, उपासाच्या दिवशीच मी नीट जेवते की! एकादशी अन् दुप्पट खाशी! आणि तरीही त्या रात्री डब्याकडे गेले नाही."

रविवारचंही तेच. दहा वाजता सगळ्यांबरोबर पोहे, दुपारी पोटभर जेवण.

हे मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगू शकले असते. सांगितलं असतं तर तो आणखी एक सल्ला झाला असता. त्यांच्या स्वतःच्या अक्षरात, त्यांच्या स्वतःच्या चतुर्थीनं ते सिद्ध केलं, म्हणून ते टिकलं. माझी घडण विवेकनिष्ठ पद्धतीची, म्हणजे आधी विचार तपासायचा. "मी ताटभर फरसाण खाल्लं" ही एक घटना झाली. "मी वाया गेलेली बाई आहे" हा स्वतःवर मारलेला शिक्का. हा फरक मी प्रत्येकाला शिकवते, ताईंनाही शिकवला. पण या प्रश्नात क्रम उलटा लागतो, असं माझं ठाम मत झालं आहे: आधी पोट, मग विचार. उपाशी शरीराला विवेक शिकवता येत नाही. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात संशोधक अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून पाहिलं. ती धडधाकट मुलं दिवसरात्र अन्नाचाच विचार करू लागली, पाककृती जमवू लागली; पुढे खायला मिळाल्यावर त्यांतल्या काहींना थांबणं जमेना. त्यांच्या निर्धारात खोट नव्हती. ताईंच्याही नव्हती.

मग वेळापत्रक ठरलं. उठल्यापासून तासाभरात नाश्ता: दोन वाट्या पोहे किंवा उपमा, शेंगदाणे-मटार घालून, सोबत कपभर दूध. एक वाजता दोन पोळ्या, भाजी, वाटीभर उसळ किंवा घट्ट वरण, दही. साडेचारला चहाबरोबर खारी-टोस्टऐवजी मूठभर फुटाणे किंवा उकडलेलं अंडं. आठला भाकरी, भाजी, आमटी. दोन खाण्यांत चार तासांपेक्षा जास्त अंतर नको. भूक असो वा नसो, वेळ झाली की खायचं, कारण अशा महिन्यांनंतर भुकेची घंटा वेळेवर वाजत नाही. चिवडा बंद केला नाही. बंद केलेला पदार्थ रात्री हाका मारतो. फक्त दोन किलोऐवजी शंभर ग्रॅमचं पाकीट आणायचं, ताटलीत काढायचं, दिवा लावून, बसून खायचं.

इथे बहुतेकांचं गाडं दोन ठिकाणी अडतं. पहिल्या आठवड्यात काटा किलोभर वर जाऊ शकतो. ती चरबी नसते. पोटातलं अन्न आणि मिठानं धरलेलं पाणी असतं. म्हणून वजन आठवड्यातून एकदाच, ठरल्या वारी, सकाळी. दुसरी जागा जास्त घातक आहे: रात्री तोल गेला की दुसऱ्या दिवशी प्रायश्चित्त म्हणून नाश्ता टाळणं. पुढच्या रात्रीची तयारी तिथेच सुरू होते. माझ्या सगळ्या सांगण्यातून एकच पाळायचं असेल तर हे पाळा: वाईट रात्रीनंतरचा नाश्ता चुकवू नका.

महिन्याभरात अशा रात्री आठवड्याला पाच-सहावरून दोनवर आल्या. त्या दोन मात्र हटेनात. पोट भरलेलं असायचं, तरी पाय स्वयंपाकघरात जायचे. मी विचारलं, "साडेअकराला तिथे काय असतं, जे दिवसभरात कुठेच नसतं?"

"तिथे मला कुणी हाक मारत नाही."

मग त्या लोकलच्या लेडीज डब्याबद्दल बोलल्या. सातची गाडी, ठरलेल्या मैत्रिणी, जाताना गप्पा, येताना भाजी निवडणं, भिशी. रोजचे जवळपास अडीच तास त्यांचे स्वतःचे. लोकल थांबली आणि ते तास गेले. त्या चिवडा घेऊन अंधारात उभ्या राहायच्या ते काही अंशी तेवढा एकांत मिळवायला. त्यावर अन्नाचा उपाय चालणार नव्हता. साडेसहा ते सात गच्ची, फोनवर एक मैत्रीण, आणि त्या अर्ध्या तासात घरातल्यांनी हाक मारायची नाही, असं ठरलं. नवऱ्याशी मी एकदा बोलले: कुलपाचा विनोद बंद, ताटावर शेरे बंद, रात्री आठला सगळ्यांनी एकत्र बसायचं. त्यांनी ते मनापासून पाळलं.

काही जणांना एवढ्यावर थांबून चालणार नाही. आठवड्यातून एकदा तरी, सलग तीन महिने, ताबा सुटून खाणं होत असेल तर तो उपचार करण्याजोगा आजार असू शकतो, मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. खाल्ल्यावर उलटी काढत असाल किंवा जुलाबाची औषधं घेत असाल, तर तीन महिने वाट पाहू नका. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवणाच्या वेळा डॉक्टरांना विचारूनच बदला.

ताईंचं वजन फेब्रुवारीपर्यंत १०६ वरून १०२ झालं. कमी वाटतं, पण त्यात एकही उपाशी दिवस नव्हता.

एप्रिल २०२१ मध्ये राज्यात पुन्हा निर्बंध लागले. दुसऱ्याच आठवड्यात ताईंचा सकाळी नऊला फोन.

"मॅडम, काल रात्री पुन्हा झालं. अख्खं पाकीट."

"आणि आज सकाळी?"

"उपमा केला. दोन वाट्या खाल्ला. सासूबाईंबरोबर बसून."