वाचकांचे प्रश्न : नमाज कुठल्या मशिदीत पढू?

प्रश्न : आपा, (की ताई म्हणू? वहिनी म्हणाली मासिकात आपा लिहितात) मी मूळ साताऱ्याकडचा, सध्या भिवंडीत एका गोडाऊनला सुपरवायझर आहे. इस्लाम कबूल करून दोन वर्षं होत आली. लग्नाबिग्नासाठी नाही, वाचून, विचार करून केलाय. आईला माहितीये, बाकीच्यांना हळूहळू सांगतोय. प्रॉब्लेम असा की मशीद कुठली धरायची तेच कळेना. रूमजवळ जी आहे तिथे सगळे यूपीवाले, माणसं चांगली आहेत पण जुम्याचं (शुक्रवारचं) बयान म्हणजे भाषण इतक्या जड उर्दूत असतं की अर्धं डोक्यावरून जातं, मी नुसती मान हलवतो. नमाजेनंतर तिथे उभं राहून पैगंबरांवर सलाम पढतात. थोडं पुढे दुसरी मशीद आहे, तिथले लोक तीन दिवसांच्या जमातीत (धर्मप्रचाराच्या फेरीवर) चला म्हणून मागे लागतात आणि पहिल्या मशिदीत जाऊ नको म्हणतात. पहिलीवाले दुसरीबद्दल सेम तेच बोलतात! मग मित्र म्हणाला कोकणी मोहल्ल्यात जा, तिकडे मराठी बोलतात. गेलो. एका चाचांनी 'कुठचा रे तू' म्हणून मराठीत विचारलं, इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. पण फजरला (पहाटेच्या नमाजेत) दुसऱ्या रकातीत (आवर्तनात) रुकूनंतर, म्हणजे वाकून उठल्यावर, मी आपला डोकं टेकायला सरळ सजद्यात गेलो आणि बघतो तर सगळी सफ (रांग) उभी, इमामसाहेब हात उचलून दुवा मागतायत आणि लोक जोरात आमीन म्हणतायत. परत उठलो. नमाज संपवून सलाम फिरवल्यावर शेजारचा पोरगा हसू दाबत होता. असरची (दुपारनंतरच्या नमाजेची) अजान पण तिकडे तासभर आधीच. मग आता मी हनफी की शाफई (सुन्नींच्या फिक्हच्या, म्हणजे धार्मिक नियमांच्या, दोन परंपरा)? सुन्नी तरी नक्की कुठला? आणि जाईन तिथे पहिला प्रश्न, कौनसी जमात (गट) से हो. काय सांगू?

उत्तर : आपा म्हण, ताई म्हण, मला दोन्ही चालतं. मी स्वतः कोकणी, महाडकडची, लग्न होऊन कल्याणला आले, त्यामुळे तुझं फजरचं वाचून मलाही जरा हसू आलं, राग मानू नकोस. आमच्या घरात यूपीचा कोणी पाहुणा फजरला मशिदीत गेला की हमखास हेच होतं, म्हणजे जन्मापासून मुसलमान असलेल्या माणसाचंही. ती दुवा म्हणजे कुनूत. शाफई फिक्ह्यात फजरच्या दुसऱ्या रकातीत रुकूनंतर उभं राहून ती पढतात, मागचे आमीन म्हणतात. हनफी लोक फजरला पढत नाहीत, ते वित्रमध्ये (इशा म्हणजे रात्रीच्या नमाजेनंतरच्या नमाजेत) पढतात. तू हनफी पद्धतीने शिकला असशील तर काही करायचं नाही, हात खाली सोडून गप्प उभा राहायचं, इमाम सजद्यात गेला की त्याच्या मागे जायचं. झालं. अल-फातिहानंतर (कुरआनच्या पहिल्या अध्यायानंतर) जोरात आमीन, रुकूला जाताना-उठताना हात उचलणं, हेही त्यातलंच. शाफई करतात, हनफी करत नाहीत, आणि दोघांची नमाज होते.

असरचंही तसंच. शाफई हिशोबाने एखाद्या वस्तूची सावली (दुपारची मूळ सावली सोडून) तिच्या उंचीएवढी झाली की असर लागते, हनफी हिशोबाने दुप्पट झाली की. म्हणून आपल्याकडे साधारण तासाभराचा फरक पडतो. आणि गंमत म्हणजे खुद्द इमाम अबू हनीफांचे दोन मोठे शागिर्द, अबू युसूफ आणि मुहम्मद, यांचं मत एकपट सावलीचंच होतं. तेव्हा शिफ्ट चार-साडेचारला संपत असेल आणि कोकणी मशीद वाटेवर असेल तर तिथे बिनधास्त असर पढून घरी जा.

हे फरक आले कुठून तर ढोबळमानाने असं, की कोकणच्या किनाऱ्यावर इस्लाम अरब व्यापाऱ्यांबरोबर समुद्रातून आला म्हणून आम्ही कोकणी, खाली भटकळचे नवायत, केरळचे मोपले, सगळे शाफई. उत्तरेकडून जमिनीवरून तुर्क-मुघलांबरोबर आला तो हनफी. तुझं भिवंडी तर याचं चालतंबोलतं उदाहरण आहे, जुने मोहल्ले कोकण्यांचे आणि मागावर काम करायला यूपीतून पिढ्यान्‌पिढ्या आलेले मोमीन अन्सारी, दोघांच्या मशिदी एका हाकेवर. कधी मुंबईला गेलास तर क्रॉफर्ड मार्केटजवळची जामा मशीद बघ, १८०२ची आहे, कोकणी लोकांनी चालवलेली, खाली दगडी तळं आहे त्यावर कमानींवर मशीद उभी आणि तळ्यात मासे. तिथून पंधरा मिनिटं चाललास की मोहम्मद अली रोडला मेमन लोकांची मिनारा मशीद, ती हनफी, आणि अजून पुढे इमामवाड्याला इराण्यांची निळ्या टाइल्सची मुघल मशीद, ती शियांची. एका दुपारी सगळं बघून होतं, आणि मग 'कौनसी जमात' या प्रश्नाचं इतकं टेन्शन येत नाही.

आता तुझ्या दोन भांडणाऱ्या मशिदींचं. उभं राहून सलाम पढणारे ते बरेलवी, तीन दिवसांना बोलावणारे ते तबलीगवाले म्हणजे देवबंदी वळणाचे. बरेली आणि देवबंद ही दोन्ही यूपीतलीच गावं आहेत आणि दोन्ही बाजू फिक्ह्याने हनफीच आहेत, म्हणजे तुला वाटतंय तसं हे हनफी-शाफईचं भांडण नाहीच. हे सगळं शंभर-सव्वाशे वर्षांतलं आहे, आणि त्यापायी काही मशिदींवर बोर्ड लावलेत, अमुक मसलकवाल्यांनी (पंथवाल्यांनी) येऊ नये म्हणून. मला ते बोर्ड बघून आजही संताप येतो. पण तो तुझा झगडा नाही. ज्यांनी तो सुरू केला त्यांच्या पोरांनाही तो धड सांगता येत नाही, आणि तू आधी अत्तहियात (नमाजेत बसून म्हणायचा पाठ) न अडखळता म्हणायला लाग, मग बघू. कोणी विचारलं तर 'सुन्नी हूं, सीख रहा हूं' एवढं पुरे. यावर जो वाद घालायला लागेल त्याच्याशी चहा प्यायला थांबू नकोस.

तर मशीद कुठली? माझं स्पष्ट मत, तू दोन वेगळी कामं एकाच मशिदीकडून करून घ्यायला बघतोयस म्हणून अडतोय. पाच वक्ताची नमाज ही जवळच्या मशिदीत. तिथले लोक यूपीचे असोत, बिहारचे असोत, बयान कळो न कळो, थंडीत पहाटे साडेपाचला तू दोन किलोमीटर चालत जाणार नाहीयेस, पहिला आठवडा जाशील मग फजर घरीच. आणि शिकायला, माणसांत बसायला म्हणून जिथे तुझी भाषा बोलणारा एक भरवशाचा माणूस आहे तिथे, मग ती लांब का असेना, आठवड्यातून एकदा. त्या कोकणी चाचांना सोडू नकोस. इमाम बदलतात, ट्रस्टी बदलतात, असा एखादा चाचा दारात रोज असतो.

फक्त एक सांगून ठेवते, कोकणी मशिदीत गेलास म्हणून बयान मराठीत मिळेल असं समजू नकोस. इमामसाहेब आमच्याकडेही बऱ्याच ठिकाणी यूपी-बिहारचेच असतात, मिंबरवर उर्दूच चालते. मराठी मिळते ती वुजूच्या (नमाजेआधी हातपाय धुण्याच्या) नळापाशी आणि बाहेर चपला शोधताना. आणि खरं सांगू का, ते उर्दू बयान जुम्याच्या नमाजेचा भाग नाहीच. आपल्याकडच्या हनफी आणि शाफई मशिदींत खुतबा (जुम्याचं खरं प्रवचन) असतो तो अरबीत, नमाजेच्या आधी दोन तुकड्यांत, मधे इमाम क्षणभर बसतो. त्या वेळी गप्प बसून ऐकणं गरजेचं. त्याच्या आधीचं बयान लोकांना समजावं म्हणून ठेवलेलं आहे आणि ते समजतच नसेल तर तो तुझा दोष नाही. अहले हदीसवाल्यांकडे (हनफी-शाफई असं काही न मानणाऱ्या सुन्नींकडे) खुतबाच उर्दूत देतात, पण भाषेची अडचण तिथेही तीच. काही मौलाना तर मुद्दाम फारसी शब्द घालतात, आमच्या आईलाही कळायचं नाही, ती म्हणायची 'आवाज बाकी गोड हाये'.

म्हणून दोन कामं कर. समजून घ्यायला कुरआनचा मराठी तर्जुमा आण, इस्लामिक मराठी पब्लिकेशन्स ट्रस्टची पुस्तकं मिळतात, एकदम साधी मराठी. मराठीत या विषयावर लिहिणारे मुसलमान काही कमी नाहीत, १९९० साली सोलापूरला पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झालं तेव्हापासून तर बरंच लिहिलं गेलंय. आणि दुसरं, अरबी वाचायला कायदा (अक्षरओळखीचं पुस्तक) घेऊन बस. मशिदीच्या मदरशात मगरीबनंतर (संध्याकाळच्या नमाजेनंतर) लहान पोरं रांगेत डुलत बसलेली असतात, त्यांच्यात मिशीवाल्या माणसाने बसायचं म्हणजे लाज वाटते मला माहितीये, पण शिकवणाऱ्या हाफिजजींना बाजूला घेऊन विचार, इशानंतर पंधरा मिनिटं द्याल का. बहुतेक जण आनंदाने देतात, पैसेही घेत नाहीत. बोलायची उर्दू आपोआप येईल, तू हिंदी पिक्चर बघतच असशील.

एक कडू गोष्ट. मशिदीत खांद्याला खांदा लावून उभे राहतात तेच लोक बाहेर आल्यावर बिरादरी विचारतात. कोकणी कोकण्यात, मेमन मेमनांत, अन्सारी अन्सारींत. मशीद सगळ्यांना उघडी, सोयरिकीचं दार मात्र अर्धं बंद. तू अजून लग्नाचं विचारलेलं नाहीस, विचारशील तेव्हा या पानावर पुन्हा ये, आत्ता एवढंच की कोणी लगेच मुलगी दाखवायला लागला किंवा उलट एकदम तोंड फिरवलं तर दोन्ही वेळा मनाला लावून घेऊ नकोस. आणि एका मशिदीच्या जमातीच्या रजिस्टरमध्ये मात्र नाव घालून ठेव, वर्गणी असेल ती भर. निकाहनामा असो, कबरस्तानची जागा असो, कोणीतरी 'हा आमचा' म्हणायला लागतं. ट्रस्टींना आधार कार्डावरचं नाव सांगायला लाजू नकोस, इस्लाममध्ये नाव बदललंच पाहिजे असं काही नाही, नावाचा अर्थच शिर्काचा (अल्लाहसोबत दुसऱ्याला देव मानण्याचा) असेल तर गोष्ट वेगळी.

प्रश्न : मी पुण्यात असते, मागच्या वर्षी इस्लाम स्वीकारला. एकटीच आहे, घरात नमाज पढते पण कोणाला बघून शिकावं असं वाटतं. दोन मशिदींत विचारलं, लेडीज के लिए इंतजाम नहीं है म्हणाले. बायकांना मशिदीत बंदीच आहे का?

उत्तर : बंदी नाही. तुमच्याच पुण्यातल्या एका जोडप्याने २०१९ मध्ये यासाठी सुप्रीम कोर्टात याचिका केली होती आणि २०२० मध्ये ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डानेच कोर्टाला लिहून दिलं की इस्लाममध्ये बाईला मशिदीत जायला मनाई नाही, फक्त जमातीने (सगळ्यांसोबत) नमाज पढणं किंवा जुमा तिच्यावर सक्तीचा नाही. म्हणजे मनाई धर्माची नाही, जागेची आणि सवयीची आहे. आपल्याकडच्या बऱ्याच हनफी मशिदींत बायकांसाठी वुजूचा नळसुद्धा नसतो, मग इंतजाम कुठून येणार. अहले हदीसच्या आणि जमात-ए-इस्लामी या संघटनेच्या मशिदी-सेंटरमध्ये बहुधा बायकांची वेगळी खोली किंवा वरचा मजला असतो, त्या आधी शोध. तिथे बायकांचा आठवडी इज्तेमा (धार्मिक बैठक) असतो का ते विचार. तुला शिकायचंय ना, मग जुम्याच्या गर्दीपेक्षा तो जास्त उपयोगी, कारण तिथे नमाज कशी चालते हे कोणाला तरी शेजारी बसून विचारता येतं. मसलक त्यांचा असेल, तुझा असायलाच पाहिजे असं नाही. जायच्या आधी फोन करून बायकांचं दार कुठल्या बाजूला आहे ते विचारून घे, बहुतेक वेळा ते मागच्या गल्लीत असतं आणि बोर्ड नसतो.