गाडीच्या एसीचा ब्लोअर (हवा फेकणारा पंखा) फक्त चार नंबरच्या वेगावरच चालतोय?

एक-दोन-तीनवर गप्प आणि चारवर मात्र जोरात, म्हणजे मोटार आणि फ्यूज चालू आहेत. मेकॅनिक मोटार बदलायला सांगेल, घाई करू नकोस. बहुतेक वेळा रेझिस्टर (करंट अडवून पंख्याचा वेग कमी करणारा भाग) गेलेला असतो. गोल नॉबच्या गाड्यांत चारवर करंट रेझिस्टरला वगळून थेट मोटारीला जातो, म्हणून तेवढाच वेग उरतो.

रेझिस्टर सहसा ग्लोव्हबॉक्समागे, ब्लोअरच्या हवेच्या वाटेत असतो. चावी बंद करून त्याचा कपलर (वायरींचा प्लग) काढ आणि उजेडात नीट बघ. पिन काळी पडली असेल किंवा प्लास्टिक वितळलं असेल तर कपलरही बदल, नाहीतर नवा रेझिस्टरही तसाच जळेल. मोटार हाताने फिरवून बघ. जड फिरत असेल तर ती जास्त करंट ओढतेय, आणि त्यानेही रेझिस्टर जळतो. आणि हो, फ्यूज उडत असला तरी जास्त अँपिअरचा कधीच टाकू नकोस, वायरिंग पेटतं.