वाचकांचे प्रश्न : किनाऱ्यावरचा टेहळणी नाका

प्रश्न : आमच्या नाक्यावरून दिशा कळवली, पण बचाव नौका पोहोचली तेव्हा इंजिन बंद पडलेली होडी अर्धा सागरी मैल (सुमारे ९२५ मीटर) बाजूला होती. होकायंत्र बसवलेली दुर्बीण नवीच आहे. मग चुकलं काय?

उत्तर : दुर्बीण चांगली असेलही, तुम्ही उभे कुठे होता ते आधी तपासा. लोखंडी खिडकी, रेडिओचा स्पीकर किंवा खिशातला मोबाइल जवळ असला की होकायंत्राची सुई ओढली जाते, आणि खोलीत जागा बदलली की चूकही बदलते. ५ सागरी मैलांवर एका अंशाची चूक म्हणजे साधारण १६० मीटर. अर्धा सागरी मैल भरायला ६ अंशही लागत नाहीत.

यावर खात्रीचा उपाय म्हणजे खिडकीपाशी पक्की बसवलेली ३६० अंशांची चकती आणि तिच्यावर फिरणारी नेम धरायची पट्टी. नकाशावर नाक्यापासून एखाद्या दीपगृहाची दिशा मोजा, पट्टी त्या अंशावर ठेवा, दीपगृह नेमात येईपर्यंत अख्खी चकती फिरवा आणि बोल्ट आवळा. इथे चुंबकाचा संबंधच उरत नाही. दर पाळीच्या सुरुवातीला तोच नेम धरून पाहा. चकती कोणाच्या तरी कोपराने सरकलेली असते, हे फार वेळा घडतं. हातातल्या होकायंत्रावरून दिशा दिलीच, तर ती चुंबकीय आहे हे सांगायला विसरू नका. खरी उत्तर (नकाशावरची) आणि चुंबकीय उत्तर (सुई दाखवते ती) यांत जागेनुसार काही अंशांचा फरक असतो.

पण तुमच्या बाबतीत दिशा बरोबर असून वेळ राहून गेली असणंही शक्य आहे. २ नॉटच्या, म्हणजे तासाला २ सागरी मैलांच्या प्रवाहात होडी पंधरा मिनिटांत अर्धा सागरी मैल वाहून जाते. ‘दिशा २१५, वेळ १४:०७’ असं एका दमात सांगा, आणि नौका पोहोचेपर्यंत दर दोन-तीन मिनिटांनी नवी दिशा देत राहा.

अंतराचा नुसता डोळ्यांनी केलेला अंदाज सगळ्यात फसवा. त्यापेक्षा क्षितिज वापरा. डोळ्यांची उंची समुद्रापासून २५ मीटर असेल तर क्षितिज सुमारे १० सागरी मैलांवर असतं. होडीच्या मागे पाणी दिसत असेल तर ती त्याच्या अलीकडे आहे. खालचा भाग क्षितिजाआड झाकून वरचाच भाग दिसत असेल तर पलीकडे. शेजारच्या नाक्यालाही ती दिसत असेल तर त्यांची दिशा घ्या. नकाशावर दोन रेघा छेदतात तिथे होडी.

प्रश्न : २० पट मोठं दाखवणारी दुर्बीण घ्यावी का?

उत्तर : तिपाईवर ठेवणार असाल तर घ्या, बोटीचं नाव वाचायला ती उपयोगी पडते. हातात धरायला ७×५०च (७ पट मोठं दाखवणारी, ५० मिलिमीटर भिंगांची) हवी. चित्र कमी हलतं, एका वेळी समुद्राचा रुंद पट्टा दिसतो आणि संधिप्रकाशातही उजेड पुरतो. आधी मात्र नुसत्या डोळ्यांनी सगळा समुद्र पाहा.

प्रश्न : पडद्यावर एआयएस (जहाजाचं नाव आणि जागा रेडिओवरून आपोआप कळवणारी यंत्रणा) आहे. मग पाळीला एकच माणूस चालेल?

उत्तर : नाही. एआयएस यंत्र मोठ्या जहाजांवर असतं; लहान होड्या, कयाक आणि पोहणारे यांच्याकडे बहुधा नसतंच. इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये बंद केलेल्या टेहळणी ठाण्याच्या खालीच दोन मच्छीमार बुडाले, आणि त्यानंतर १९९४ मध्ये तिथल्या स्वयंसेवकांनी बास पॉइंटचं ठाणं पुन्हा सुरू केलं. डोळ्यांना पर्याय नाही, तो एवढ्यासाठी.

लाटांमध्ये पाण्यात पडलेल्या माणसाचं फक्त डोकं दिसतं, नारळाएवढं. नोंद लिहायला मान खाली घातली की ते पुन्हा सापडणं कठीण. म्हणून एकाने हात लांब करून तिकडे बोट रोखायचं आणि नजर हलवायची नाही. फोन, रेडिओ आणि नोंदवही दुसऱ्याने सांभाळायची. रेडिओच्या चॅनल १६ वर, म्हणजे संकटाच्या हाकेसाठीच्या चॅनलवर, ‘मेडे’ (जीव धोक्यात असल्याची हाक) ऐकू आला तर लगेच मध्ये बोलू नका. शब्द न् शब्द वेळेसह लिहा आणि बचाव केंद्र उत्तर देतं का ते ऐका. उत्तर आलं नाही, तर केंद्राला फोन लावा आणि लिहिलेलं जसंच्या तसं वाचून दाखवा. लिहिताना चुकलं तर खोडरबर नको, एक आडवी रेघ मारा आणि शेजारी सही करा.