एकेकट्या मोज्यांची पिशवी

"मी काहीच तडीस नेत नाही" ही तक्रार समुपदेशक म्हणून माझ्याकडे वरचेवर येते. कुणाची पेटी धूळ खात पडलेली असते, कुणी नवी भाषा शिकता शिकता मधेच सोडलेली असते, कुणाच्या कपाटात अर्धी रंगवलेली चित्रं असतात. निदान बहुतेकांनी घरीच करून आणलेलं असतं: आळस, धरसोड, चिकाटी नाही. माझ्याकडून त्यांना हवा असतो तो फक्त उपाय. अशा वेळी उपाय सांगायची घाई मी करत नाही, कारण घरी केलेलं निदान पुष्कळदा चुकीच्या जागी बोट ठेवतं. त्यातलीच ही एक हकीकत. ज्यांची आहे त्यांच्या परवानगीने लिहितो आहे, आणि त्या ओळखू येतील असे तपशील बदलले आहेत.

बाई पन्नाशी ओलांडलेल्या, नोकरीतून नुकत्याच मोकळ्या झालेल्या. पहिल्याच भेटीत त्यांनी पर्सबरोबर आणलेली एक कापडी पिशवी माझ्या टेबलावर रिकामी केली. आतून निघाले मोजे. मोरपंखी आणि केशरी पट्ट्यांचे, जांभळ्या अंगावर पिवळी टाच असलेले, एक तर चक्क सात-आठ रंगांच्या उरलेल्या लोकरीचा. हाताने विणलेले, नीटस, टाका एकसारखा. पण सगळे एकेकटे. नऊ मोजे, आणि जोडी एकाचीही नाही.

"हा पुरावा," त्या म्हणाल्या. "आता सांगा मला काय झालंय ते."

घरात यावरून थट्टा चालायची. यजमान म्हणायचे, तयार मोजे मिळतात की, एवढी डोळेफोड कशाला? मुलगा म्हणायचा, आई एका पायाच्या माणसांसाठी विणते. थट्टा प्रेमाचीच होती, पण बाईंनी ती मनावर घेतली होती. नोकरी सुटल्यावर 'आता आपल्या हातून काहीच पुरं होत नाही' असं त्यांना वाटू लागलं होतं, आणि त्यातून झोप बिघडली होती.

अशा वेळी दोन गोष्टी आधी पडताळून पाहाव्या लागतात. पहिली म्हणजे नैराश्य. त्यात माणसाचा आवडत्या गोष्टींतला रसच आटतो. सुई-लोकर समोर असते, पण हात लावावासा वाटत नाही, आणि लावला तरी आनंद होत नाही. दुसरी म्हणजे अवधानाची अडचण, जिला आपण एडीएचडी म्हणतो. तिच्यात कामं अर्धी राहतात ती सगळीकडेच, घरी आणि कामावरही, आणि तिच्या खुणा लहानपणापासून, वयाच्या बाराव्या वर्षाआधीच, दिसू लागलेल्या असतात. पन्नाशीत एकाएकी, तेही फक्त मोज्यांपुरती, ती उगवत नाही. बाईंचं तसं काही नव्हतं. नोकरीत हिशेबाची कामं त्यांच्यावर सोपवली जात, कारण त्या ती वेळेत पुरी करत. बिलं, औषधं, नातेवाइकांचे वाढदिवस, सगळं जागच्या जागी. आणि लोकरीबद्दल बोलताना चेहरा खुलत होता. रस आटलेला माणूस 'या निळ्यापुढे हा गंजासारखा तांबडा कसा उठून दिसतो बघा' असं सांगत बसत नाही.

मग माझ्या मनात आलेलं तिसरं कारण विणणाऱ्यांना चांगलंच माहीत असतं. दुसऱ्या मोज्याचा कंटाळा. ज्यांनी कधी मोजा विणला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. मोजा गोल विणतात, दोन्ही टोकं मोकळी असलेल्या चार-पाच आखूड सुयांवर, नाहीतर लांब तारेच्या गोल सुईवर. बारीक लोकरीचे साधारण 60 ते 64 टाके घालायचे, दोन सुलट दोन उलट अशी लवचीक बॉर्डर करायची, मग नुसतं गोल गोल खाली उतरायचं. सगळी गंमत टाचेत. तिथे निम्मेच टाके घेऊन मागे-पुढे विणतात, आणि अर्ध्या ओळीत काम उलटवत उलटवत सपाट कापडाचा अचानक एक वाटीसारखा खोलगट भाग तयार होतो. पहिल्यांदा टाच वळली की माणूस घरभर दाखवत फिरतो. पुढे पंजा, मग बोटांकडे टाके कमी करत जायचं, आणि उरलेले टाके सुईने असे जोडायचे की शिवण बोटांना टोचू नये. एका मोज्यात दहा हजारांहून जास्त टाके सहज पडतात.

आणि हे सगळं झाल्यावर लक्षात येतं, की तेच पुन्हा करायचं आहे, मोजमापासकट जसंच्या तसं. त्यातून लोकर जर आपोआप पट्टे पाडणारी असेल, म्हणजे एकाच धाग्यावर ठरावीक अंतराने रंग बदलत जाणारी, तर पहिल्या मोज्यात 'पुढचा रंग कोणता' ही उत्सुकता हाताला ओढत नेते. दुसऱ्यात ती नसते; पुढे काय येणार हे समोरच ठेवलेलं असतं. त्यामुळे दुसरा मोजा अडकणं इतकं सर्रास घडतं, की विणणाऱ्यांच्या गप्पांत तो नेहमीचा विनोद आहे.

हे कारण बाईंना लागू पडलं असतं तर गोष्ट सोपी होती. दोन्ही मोजे एकाच लांब गोल सुईवर शेजारी शेजारी विणता येतात, दोन्ही एकदमच संपतात. तेवढं सुचवून मी मोकळा झालो असतो. पण बोलता बोलता माझं लक्ष त्यांच्या पायांकडे गेलं. चपला त्यांनी दाराशी काढल्या होत्या, आणि पायांत हिरव्या-राणी रंगांच्या पट्ट्यांचे हाताने विणलेले मोजे होते. दोन.

"हे कुणी विणले?"

"मीच. हे असेच आपले, घरात वापरायला."

"असे अजून आहेत?"

थोडा विचार करून त्या म्हणाल्या, "असतील सात-आठ जोड्या. ते मी धरलेच नाहीत."

चिकाटी नसलेल्या बाईने सात-आठ जोड्या पुऱ्या केल्या होत्या आणि पुरावा गोळा करताना त्या घरीच ठेवल्या होत्या. माणूस स्वतःविरुद्ध खटला चालवतो तेव्हा साक्षीदार असेच निवडतो. पण त्याहून महत्त्वाचं हे, की ज्या हातांना जोडी पुरी करता येते ते हात या नऊ मोज्यांपाशीच का थांबले? कंटाळा असता तर सगळ्याच जोड्यांत आला असता.

मी त्यांना मोजे टेबलावर ओळीने मांडायला सांगितले, आणि प्रत्येकाबद्दल विचारलं: हा कुणासाठी सुरू केला, आणि कुणाच्या सांगण्यावरून? मोरपंखी मोजा जावेचा. तिने एका समारंभात पायातले मोजे पाहून "मलाही एक जोड कर गं" म्हटलं होतं. जांभळा भाच्याच्या बायकोचा, हा राखाडी जुन्या सहकारी बाईंच्या मिस्टरांचा ("त्यांचं माप एवढं मोठं, संपतच नाही तो पंजा"), हा शेजारणीच्या नातीचा, आणि नातीला केला म्हणून हा तिच्या भावाचा. नवापैकी आठ मोजे कुणी ना कुणी मागितलेले होते. नववा, सात-आठ रंगांचा, मैत्रिणीसाठी त्यांनी आपणहून सुरू केला होता, आणि तो फक्त लोकर कमी पडली म्हणून थांबला होता.

घरच्या पुऱ्या जोड्या मात्र कुणीच मागितल्या नव्हत्या.

बराच वेळ त्या मोज्यांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मला नाही म्हणता येत नाही."

निदान त्यांचंच. मी फक्त मांडणी बदलायला सांगितली होती.

आता यात मानसशास्त्राचा एक जुना प्रयोग आठवतो. 1973 साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी बालवाडीतल्या, रंगीत पेनांनी चित्रं काढायची मुळातच हौस असलेल्या मुलांवर तो केला. काहींना आधीच सांगितलं, की चित्र काढलंत तर छानसं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना ते अचानक दिलं, काहींना काहीच दिलं नाही. काही दिवसांनी पेनं पुन्हा समोर ठेवली, तेव्हा बक्षीस कबूल करून घेतलेली मुलं चित्रांत इतरांच्या जवळपास निम्माच वेळ रमली. हौसेने केलेली गोष्ट 'कशासाठी तरी' करायची झाली की हौस उणावू शकते. बाईंना कुणी बक्षीस देत नव्हतं, त्यामुळे हा प्रयोग त्यांना तंतोतंत लागू होतो असं मी म्हणणार नाही. पण बाहेरून आलेल्या मागणीने हौसेची जागा घ्यावी, हा धागा तोच. त्यात यांची मागणी मोबदल्याचीही नव्हती, नुसत्या भिडेची. पहिला मोजा भिडेच्या जोरावर होतो. रंग नवीन असतो, समोरच्याचं कौतुक कानात असतं. दुसऱ्या मोज्यापर्यंत ते पुरत नाही.

"मग विकायला लाग" असा सल्ला अशा वेळी हमखास मिळतो, आणि तो त्यांनाही मिळाला होता. ज्यांना विणकामातून कमवायचं आहे त्यांनी जरूर कमवावं. पण 'तू एवढं छान करतेस तर त्याचं काहीतरी कर' या वाक्यात एक अर्थ दडलेला असतो, की आत्ता तू जे करते आहेस ते काहीच नाही. मला तो सल्ला मुळीच पटत नाही. संध्याकाळी तासभर रंग बघत बसायला मिळणं हे पुरेसं कारण आहे.

पुढच्या भेटींत आम्ही मोज्यांवर फारसं बोललो नाही, बोललो ते नकारावर. नकार हेही कौशल्य आहे आणि ते तालमीने येतं. पहिला नियम, जागच्या जागी होकार द्यायचा नाही. "बघते, सांगते" एवढंच म्हणायचं. भिडेचा जोर पहिल्या क्षणी सगळ्यात जास्त असतो, एक रात्र गेली की बराच ओसरतो. दुसरा, नकाराबरोबर कारणांची माळ लावायची नाही. डोळे दुखतात म्हटलं की समोरचा चष्म्याचा नंबर विचारतो, वेळ नाही म्हटलं की "सावकाश कर, घाई नाही" म्हणतो, आणि ही 'घाई नाही'च आठ मोजे अडकवून बसली होती. त्यांच्या तोंडी बसेल असं एकच वाक्य आम्ही तयार केलं: "मी आता सांगून करत नाही, मनात येईल तेव्हा करते." समोरच्याने धोशा लावला तर तेच वाक्य, त्याच सुरात, पुन्हा. मी जाऊबाई झालो, शेजारीण झालो. जाऊबाई मी फारच सौम्य केली असं मला सांगण्यात आलं.

शिवाय एक वही. नकार देण्याआधी काय होईल असं वाटतं ते लिहायचं, आणि नंतर खरंच काय झालं ते त्याच्याच समोर. भीती मोडायला समजुतीच्या गोष्टींपेक्षा ही दोन रकान्यांची वही जास्त उपयोगी पडते असा माझा अनुभव आहे. भाच्याच्या बायकोपुढे त्यांनी लिहिलं होतं, 'वाईट वाटेल, येणं-जाणं कमी करेल.' प्रत्यक्षात ती म्हणाली, "अगं बाई, मी विसरलेच होते." शेजारणीने विचारलं, मग मला शिकवशील का? सहकारी बाईंच्या मिस्टरांना असे काही मोजे येणार आहेत याचाच पत्ता नव्हता. ज्या आठ जणांचं ओझं त्या दोन वर्षं वागवत होत्या, त्यांतल्या बऱ्याच जणांनी ते कधीच उतरवून ठेवलं होतं.

सगळ्यांनीच नाही. जाऊबाई खरोखर रुसल्या. वहीतला तो अंदाज बरोबर निघाला, आणि तो निघाला हे मी चांगलंच मानतो. नाहीतर 'नाही म्हटलं तरी कुणालाच काही वाटत नाही' असली खोटी समजूत झाली असती. वाटतं कुणाकुणाला. त्यांचं वाटणं आपण लगेच जाऊन पुसायचं नाही, एवढंच शिकायचं असतं, आणि बाईंना सगळ्यात जड तेच गेलं. त्या आठवड्यात पुन्हा झोप उडाली. मोरपंखी लोकर दोनदा बाहेर काढली, दोनदा आत ठेवली.

त्या काळात मी त्यांना एक माहिती सांगितली. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये इजिप्तमधल्या अँटिनोपोलिस इथे सापडलेला लहान मुलाचा लोकरीचा मोजा आहे. सुमारे इसवी सन 300 मधला, रंगीत पट्ट्यांचा, अंगठा वेगळा ठेवून केलेला. दोन सुयांचं विणकाम तेव्हा नव्हतं. एकाच सुईने धाग्याचे फास ओवत तो केलेला आहे. 2018 मध्ये झालेल्या तपासणीत कळलं, की त्यातले सहा-सात रंग तांबडा, निळा आणि पिवळा देणाऱ्या तीनच वनस्पतींपासून, ते मिसळून काढलेले आहेत. आणि तो मोजा एकच आहे, डाव्या पायाचा. "म्हणजे माझी पिशवी म्युझियमला द्यायची का?" त्या म्हणाल्या. पण नंतर दोन भेटी त्या मोज्यातल्या रंगांबद्दलच विचारत होत्या.

कुणी मला विचारतं, आमचीही अशी अर्धी राहिलेली कामं आहेत, काय करू? मी म्हणतो, आधी ती मांडा. पुरी झालेलीही त्यांच्या शेजारी मांडा, नाहीतर मोजणी खोटी होईल. प्रत्येकापुढे लिहा, हे कुणाला हवं होतं. पुष्कळ वेळा एवढ्यावरच उलगडा होतो. मात्र पुऱ्या कामांचा रकाना सगळीकडेच रिकामा असेल, लहानपणापासून तसाच असेल, किंवा कशातच गोडी वाटेनाशी होऊन दोन आठवड्यांवर दिवस गेले असतील, तर पडताळणी घरी न करता तज्ज्ञाकडे करावी.

नऊ मोज्यांचं पुढे काय झालं, हेही लोक विचारतात. मैत्रिणीचा रंगीबेरंगी मोजा त्यांनी नवी लोकर आणून पुरा केला. दुसरा पहिल्यासारखा दिसत नाही, आणि मैत्रिणीला तेच आवडलं. नातीचा आणि तिच्या भावाचा, दोन्ही एकेक, पण माप जवळपास सारखं म्हणून त्या मुलीनेच दोन्ही पायांत चढवले. राखाडी मोजा त्यांनी माझ्यासमोर उसवला. एकदा टोक मिळालं की तो भराभर सुटत गेला, आणि त्या दहा हजार टाक्यांचं वाईट वाटतंय का असं मी विचारल्यावर त्यांनी गुंडा करता करता मान हलवून नाही म्हटलं. बाकीचे अजून पिशवीत आहेत. त्यांचं काही करायलाच हवं असं आम्ही ठरवलेलं नाही.

जाऊबाईंचा रुसवा बरेच दिवस टिकला. शेवटच्या भेटीत मी त्यांच्याबद्दल विचारलं.

"त्यांच्या वाढदिवसाला मोजे दिले," बाई म्हणाल्या.

माझा चेहरा पडला असावा.

"विकतचे हो. छान आहेत. दोन्ही एकसारखे."