सांजच्याला उठणारा हात

प्रश्न : पहाटे ४ ला उठून डबे, दिवसभर कापूस वेचणं, सांजच्याला परत चूल. सासूबाई लकव्यानं अंथरुणावर आहेत, त्यांचंही मीच करते. मोठी ९ वर्षांची, धाकटा ६ चा. त्यानं दोनदा पाणी मागितलं तरी माझा हात उठतो. परवा काठीनं मारलं, पायावर वळ उठले. मग रात्रभर रडले. वावरात बायांसोबत हसते-बोलते, पण घराचं दार दिसलं की जीव नको होतो. वाटते, सगळं सोडून निघून जावं. माझी माया आटली का?
— एक आई, यवतमाळ जिल्हा

उत्तर : ताई, माया आटलेली नाही, तुम्ही थकून रित्या झाल्या आहात. वावरात हसू येतं आणि दारात जीव नको होतो, ही खूण फार नेमकी आहे. नैराश्यात माणूस सगळीकडेच विझतो, पालकपणाच्या थकव्यात आधी लेकरांपाशी विझतो. बेल्जियमच्या इझाबेल रोस्काम आणि मोइरा मिकोलायचाक या मानसशास्त्रज्ञांनी या थकव्याची चार लक्षणं मांडली आहेत : अंग-मन पार गळून जाणं, ‘मी आधी अशी नव्हते’ ही बोच, आईपणाचा वीट आणि लेकरांपासून मनानं दूर जाणं. पालकांची काही महिने पाहणी करून २०१९ मध्ये मांडलेल्या त्यांच्या अभ्यासात दिसलं, की थकवा वाढला की पुढे लेकरांकडे दुर्लक्ष आणि मारहाणही वाढते. म्हणून नुसतं ‘राग आवर’ सांगून भागत नाही, ओझं उतरवावं लागतं.

पण वळ लेकराच्या पायावर उठलेत. ती काठी आजच घराबाहेर काढा. त्याला जवळ घेऊन सांगा, ‘मी मारलं, ते चुकलं. तू वाईट नाहीस.’ पुढे ‘पण तूही...’ जोडू नका. लेकरू तो ‘पण’च लक्षात ठेवतं.

हात बहुतेक परतल्यावरच्या तासात उठतो, कारण तेव्हा पोट रिकामं, पाठ भरलेली आणि चूल थंड असते. कमरेची कापसाची ओटी सोडली की चुलीकडे न जाता १० मिनिटं बसा, पाणी प्या, गूळ-शेंगदाणे खा. पाण्याचा गडू आणि पेला धाकट्याच्या हाताला येईल असा ठेवा, मागायचं कारणच उरणार नाही. तरी हात शिवशिवला, तर ‘मी आत्ता येते’ म्हणून अंगणात जा. ४ मोजत श्वास घ्या, ६ मोजत सोडा, असं १० वेळा.

आता ओझं. सासूबाईंचं अंग पुसणं, कूस बदलणं यातलं एक काम नवऱ्याकडे कायमचं द्या, ‘जमलं तर’ नको. वेचणीच्या दिवसांत रात्री एकच भाजी पुरते. सगळं नीट झालंच पाहिजे हा हट्टच बाईला आधी मोडतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासा. १२ च्या खाली असेल तर थकव्याला रक्ताची कमीही कारण असू शकते, ती गोळ्यांनी भरून निघते.

निघून जावं म्हणजे जीव द्यावा, असं कधी मनात आलं, तर त्याच क्षणी घरातल्या कुणाला तरी सांगा आणि १४४१६ वर फोन करा. ही टेलिमानस, मनाच्या त्रासासाठी सरकारची हेल्पलाइन, दिवसरात्र चालते, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. फवारणीचं औषध घरात ठेवू नका. कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्याकडे द्या. त्या घटकेला औषध हाताशी नसलं की जीव वाचतो.

प्रश्न : बायको पोरांवर सारखी खेकसते. समजावलं की आणखी चिडते. काय करू?
— एक वडील, वाशीम जिल्हा

उत्तर : समजावणं थांबवा. थकलेल्या माणसाला उपदेश म्हणजे आणखी एक काम. ‘काय मदत करू?’ हेही विचारू नका, त्याचं उत्तर शोधणंही तिच्याच डोक्यावर येतं. संध्याकाळी ६ ते ८ दोन्ही पोरं तुमची : हातपाय धुणं, अभ्यास, जेवण. पोरांदेखत तिला बोलू नका. रात्रीच्या लायनीवर, म्हणजे रात्री वीज येते तेव्हा, ओलिताला जावं लागत असेल, तर सकाळची वेळ धरा, पण रोज तीच. घरात तान्हं बाळ असेल तर रागात त्याला कुणीही गदागदा हलवायचं नाही, मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. रडतं बाळ पाळण्यात सुरक्षित ठेवून ५ मिनिटं बाहेर उभं राहिलेलं चालतं.