टीबी म्हणू की सारकॉइड? तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

प्रश्न : आईच्या सीटीत छातीतल्या गाठी सुजलेल्या दिसल्या. एक डॉक्टर म्हणतात टीबी, एकेटी (टीबीची औषधं) सुरू करा, दुसरे म्हणतात सारकॉइड, स्टिरॉइड घ्या. कोणाचं ऐकायचं?

आधी एक सांगा, गाठीचा तुकडा तपासलाय का? नसेल तर दोघंही अंदाजच करतायत. सारकॉइडमध्ये (म्हणजे सारकॉइडोसिस, यात जंतू नसताना शरीरात सूज येऊन गाठी होतात) गाठी बहुतेकदा दोन्ही बाजूंना सारख्या असतात आणि टीबीत एका बाजूला जास्त, मध्ये सडलेल्या, पण हे पुस्तकातलं झालं, पेशंट पुस्तक वाचून आजारी पडत नाही. ईबस म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून सोनोग्राफीत बघत सुईने गाठीतलं सॅम्पल घेतात, ते करून घ्या. आणि प्लीज, सगळं सॅम्पल फॉर्मॅलिनमध्ये टाकू देऊ नका! त्यात जंतू मरतात, मग कल्चर (जंतू वाढवून बघायची टेस्ट) होतच नाही, म्हणून थोडं सॅम्पल सलाइनमध्ये, जीनएक्सपर्ट (टीबीच्या जंतूचा डीएनए शोधणारी टेस्ट) आणि कल्चरसाठी वेगळं जायला हवं. रिपोर्टमध्ये नुसतं 'ग्रॅन्युलोमा' (पेशींचे बारीक पुंजके) लिहिलं असेल तर ते दोन्ही आजारांत असतात, नेक्रोसिस (मधला मेलेला, सडलेला भाग) आहे का ते विचारा. असेल तर पारडं टीबीकडे झुकतं, पण नसला म्हणून टीबी सुटला असं नाही. मांटू (हातावर सुई टोचून करायची टीबीची टेस्ट) निगेटिव्ह येणं सारकॉइडमध्ये कॉमन, जोरदार पॉझिटिव्ह आली तर मी टीबीच शोधत बसतो. कल्चर निगेटिव्ह म्हणायला ६ आठवडे लागतात. श्वास, डोळे, हार्ट ठीक असेल तर तेवढं थांबता येतं, कारण टीबीवर नुसते स्टिरॉइड दिले तर तो पसरू शकतो.

प्रश्न : एसीई (रक्तातलं एक एन्झाइम) लेव्हल वाढलीय, म्हणजे सारकॉइड नक्की ना?

नाही. टीबी, कुष्ठरोग, डायबिटीस, थायरॉइड, कशातही वाढू शकते. उलट बीपीसाठी रॅमिप्रिल किंवा एनालाप्रिल चालू असेल तर खोटी कमी दिसते. या एका टेस्टवर मी तरी कधी औषध सुरू करत नाही.

प्रश्न : मिस्टर २० वर्षं दगडखाणीत होते, त्यांना सारकॉइड सांगितलंय.

खाणीचं डॉक्टरांना सांगितलंत का? सिलिकोसिसमध्येही (दगडाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार) फुप्फुसात वरच्या भागात बारीक गाठी आणि छातीत सुजलेल्या ग्रंथी असं हुबेहूब चित्र दिसतं, कधी ग्रंथींच्या कडेने कॅल्शियमचं कवच असतं. शिवाय सिलिकोसिसवाल्यांना टीबीचा धोका जास्त, त्यामुळे थुंकी तपासाच.

प्रश्न : सारकॉइड आहे, कॅल्शियम ११.८ आणि व्हिटॅमिन डी कमी. ६०,००० ची पावडर घेऊ का?

अजिबात नको, चालू असेल तर आजच थांबवा आणि डॉक्टरांना फोन करा. सारकॉइडच्या गाठी स्वतःच डी चं अ‍ॅक्टिव्ह रूप बनवतात, त्यामुळे नेहमीची टेस्ट कमी दाखवते आणि कॅल्शियम मात्र चढतं. पीटीएच (पॅराथायरॉइड ग्रंथीचं हार्मोन) आणि १,२५ डी (डी चं तेच रूप) दोन्ही करा. पीटीएच वाढलेलं निघालं तर दोष पॅराथायरॉइडचा असू शकतो, कमी निघालं तर सारकॉइड बसतं, पण लिम्फोमातही (लिम्फ ग्रंथींचा कॅन्सर) असंच होतं, आणि वजन उतरत असेल किंवा मानेत गाठ असेल तर ते आधी बघायला लावा. तोवर पाणी भरपूर.