पोरी, आपण पोलिसांचे वकील नाही

अगं, तू नवी सरकारी वकील, मी जुना; तुझा रात्री दीडचा व्हॉइस मेसेज ऐकला. घरच्या ग्रुपवर काकांशी वाजलं, ते म्हणतात फुटपाथवाल्यांमुळेच मुंबईत चोऱ्या होतात, पोलिसांचे हात बांधू नका, आणि तुला त्यातलं थोडं पटलं म्हणून झोप नाही. मोबाईल मारला की मीही चिडतो गं, चोराला शिक्षा झालीच पाहिजे. पण 'सूर्यास्तानंतर तोंड झाकून संशयास्पद स्थितीत मिळून आला', हे महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 122 चं वाक्य तू शंभरदा वाचशील, पुलाखाली थंडीत चादर डोक्यावरून घेऊन झोपलेला माणूस आणखी कसा मिळून येणार? भिकेचा कायदा तर 1959 चा, त्यात एक ते तीन वर्षं आत.

आपण पोलिसांचे वकील नाही. साहेब लोक 'मॅडम, आपलीच केस' म्हणतील, तरी नाही.

असं उभं राहायची किंमत पडते, खोटं कशाला सांगू. परभणीचा इंजिनियर ख्वाजा युनूस, 2003 ला जीप दरीत कोसळली नि तो पळाला, असं पोलिसांचं म्हणणं; कोठडीतच मारला, हा आरोप. 2018 ला त्या केसच्या स्पेशल पीपीने, म्हणजे खास नेमलेल्या सरकारी वकिलाने, अजून चार पोलिसांना आरोपी करा म्हणून अर्ज दिला, तर त्यालाच काढलं. पण 2006 च्या लखनभैयाच्या बनावट चकमकीत 2013 ला 13 पोलिसांना जन्मठेप लागलीच ना? लागते, कुणीतरी उभं राहिलं तर.

आता माझं. रिमांडला एक सतरा-अठराचा पोरगा, स्टेशनबाहेर झोपणारा, तळपाय इतके सुजलेले की चप्पल हातात धरून उभा. मॅजिस्ट्रेटनी विचारलं, पोलिसांबद्दल तक्रार? त्याने आधी हवालदाराकडे बघितलं, मग नाही म्हणून मान हलवली. मला दिसलं होतं. तरी मी पीसीआर, म्हणजे पोलीस कोठडीच, मागितली. तीसेक रिमांड होते त्या दिवशी, मुलीची दहावी होती, बदलीची टांगती तलवार होती, आणि मी बोललो असतो तरी दुसऱ्या कुणी मागितलीच असती की! वीस वर्षं हेच सांगतोय स्वतःला. तू कधी मला हीच कारणं सांगायला येऊ नकोस.

काकांना उत्तर देत बसू नको. आपण पोलिसांचे वकील नाही, एवढंच डोक्यात ठेव, आणि उद्या आरोपी समोर आला की पोलिसांची केस डायरी उघडायच्या आधी मेडिकलचा कागद माग आणि त्याच्या पायात चप्पल आहे का बघ.